२४० नंबरचा वॉटर पेपर

जुना, गंजलेला वस्तरा हाताने घासून पुन्हा दाढीच्या लायक करणं हे कमालीचं कंटाळवाणं काम आहे. व्हिडिओत ते तसं दिसत नाही. तिथे गंजकं पातं येतं, दोन-चार हात फिरतात, कागद बदलतो आणि पुढच्या क्षणाला त्या पात्यात माणसाचं तोंड दिसायला लागतं. मधले तास कापून टाकलेले असतात. मला त्या कापलेल्या तासांबद्दलच लिहायचं आहे, कारण वस्तरा वाचतो की कायमचा बाद होतो याचा निकाल त्याच तासांत लागतो.

गेली काही वर्षं मी असे वस्तरे जमवतो आणि दुरुस्त करतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी लवकर गेलं तर पितळी नळ, पाने, किल्ल्या हरवलेली कुलपं यांच्या ढिगात अधूनमधून एखादा सापडतो. कधी मुंबईच्या चोरबाजारात मिळतो. बहुतेकांची मूठ फुटलेली असते, पातं तपकिरी झालेलं असतं आणि विकणारा ‘अँटिक आहे साहेब’ म्हणून किंमत चढवतो. ज्या वस्तऱ्याबद्दल सांगतोय तो एका पत्र्याच्या डब्यात बोथट कात्र्यांच्या खाली पडला होता. पाठ जाड, रुंदी इंचाला थोडी कमी, आणि हातात घेतल्याबरोबर जाणवेल असं वजन. पात्याच्या मानेवर, म्हणजे पातं आणि शेपटी यांच्यामधल्या जाड भागावर, तेल लावून रात्रभर ठेवलं आणि जुन्या टूथब्रशने घासलं तेव्हा अक्षरं वर आली: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हर मॅजेस्टी, ६ नॉरफोक स्ट्रीट, शेफील्ड. शेजारी त्यांची खूण, चांदणी आणि माल्टीज क्रॉस.

‘हर मॅजेस्टी’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १८३७ ते १९०१ यांच्यामधला वस्तरा. शेफील्ड इंग्लंडमधलं, पण कुठेही ‘इंग्लंड’ असा शिक्का नव्हता. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात परदेशी मालावर देशाचं नाव हवं अशी अट घातली आणि त्यानंतर निर्यात करणारे कारखाने तो शिक्का सर्रास मारू लागले. तेव्हा हा बहुधा त्याआधीचा. कॅम्पातल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्याचा असेल, पुढे कुणा नाभिकाच्या धोकटीत गेला असेल. ते कळायला आता मार्ग नाही. पण ज्या कारागिराने तो सहाणेवर धरून घासला त्याच्या हाताच्या रेषा पात्यावर अजून होत्या. पाठीपासून धारेकडे उतरणारा हलका आतला वळसा, खांद्याजवळची, म्हणजे पातं मानेला मिळतं तिथली, स्वच्छ कडा, दोन्ही बाजू सारख्या. गंज काढायचा, पण या रेषा जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच या कामाचं गणित आहे आणि ते हातानेच सुटतं.

सगळ्यात आधी तडा शोधायचा. भिंगाखाली धार या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायची. मग पाठीला नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. धड पातं खणखणतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. तडा असेल तर वस्तरा कपाटात ठेवून द्यायचा, त्यावर एक मिनिटही घालवायचं नाही. तडा नसेल तर गंज वाचायचा. तांबडा गंज वरवरचा असतो, तेल आणि बोटाच्या नखाएवढा पितळी पत्र्याचा तुकडा यांनी बराचसा निघतो. काळा थर घट्ट बसलेला असतो, पण तो पोलादाला फारसा खात नाही. खरी पंचाईत खड्ड्यांची. गंज निघून गेल्यावर मागे राहिलेली टोचणीएवढी काळी भोकं. ती पाठीकडे असली तर चालतात. धारेलगत असली तर दाढी करताना तिथेच धार तुटते.

रॉजर्सवर खड्डे होते, बरेच होते, पण एक अपवाद सोडला तर सगळे धारेपासून लांब. तो अपवाद टाचेजवळ, म्हणजे धारेच्या मानेकडच्या टोकाजवळ होता. त्याकडे नंतर येतो.

मूठ म्हशीच्या शिंगाची होती. शेफील्डच्या कारखान्यांना हे शिंग हिंदुस्थानातूनही जायचं, तेव्हा ही मूठ इथूनच निघून समुद्र ओलांडून परत आली असणंही शक्य आहे. तिला कीड लागून एक बाजू पोखरली होती, तरी ती ठेवायचीच असं ठरवलं. रिव्हेटचं डोकं बारीक कानशीने घासून काढलं, रिव्हेट हलक्या हाताने ठोकून बाहेर काढला आणि पातं सुटं झालं.

आता मशीन का नाही, हे सांगायला हवं. बेंच ग्राइंडरला कापडी चाक लावून पाच मिनिटांत चमक आणणारे लोक आहेत आणि त्यातले काही फार कसबी आहेत. पण वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. आधी लाल तापवून एकदम थंड केलेलं, मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब दिलेली. त्याच्या पुढे पोलाद जितकं तापेल तितका त्याचा कठीणपणा उतरत जातो. २२०-२३० अंशांना पृष्ठभागावर गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या सुमाराला निळा. पाठीकडे जाड पोलाद उष्णता शोषून घेतं, धारेकडे ते कागदासारखं पातळ असतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तापतं. तिथे निळी छटा दिसली की त्या धारेचं पाणी उतरलं. ती पुन्हा लागत नाही, लागली तर टिकत नाही. शिवाय फिरतं कापड सगळ्या कडा गोल करून टाकतं. खांदा बसतो, शिक्क्याची अक्षरं पुसट होतात, पाठ आणि बाजू यांच्यामधली रेषा हरवते. पातं चमकतं खरं, पण ते कुणी घडवलं हे त्यावर दिसेनासं होतं. आणि चाकाने धार पकडून पातं हातातून भिरकावलं, तर ते कुठे जाऊन रुतेल याची शाश्वती नसते.

म्हणून हात. माझी मांडणी साधी आहे. सागवानाची एक फळी, पात्यापेक्षा थोडी रुंद. त्यावर दुहेरी चिकटपट्टी, तिच्यावर पातं आडवं, आणि धार फळीच्या कडेच्या आत, बाहेर डोकावणार नाही अशी. घासायला सुरुवात करण्याआधी धार मुद्दाम बोथट करून घ्यायची, काचेच्या तुकड्यावर हलकेच फिरवून. पुढे निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, ती नव्याने लावायचीच असते. ओल्या बोटांनी धारदार पात्यावर तासन् तास हात फिरवण्यात काहीच शहाणपण नाही. एका वाटीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब. जुन्या सुती धोतराचे तुकडे. आणि कागद.

बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ म्हणून काळा कागद मिळतो, गाड्या रंगवणारे वापरतात तो. त्यावर सिलिकॉन कार्बाइडचे दाणे असतात आणि तो पाण्यात भिजवून वापरता येतो. असा पाण्यात टिकणारा कागद अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. माझ्या वस्तऱ्याच्या काळात तो नव्हता. तेव्हा शेफील्डमध्ये सहाणेवरून उतरलेलं पातं चामडं बसवलेल्या लाकडी चाकावर जायचं, चामड्यावर आधी कुरुंदाची पूड आणि शेवटी क्रोकस नावाची तांबडी पूड. क्रोकस म्हणजे लोहाचं ऑक्साइड, रसायनाच्या हिशेबाने गंजच.

पाण्याचा आग्रह का, तेही सांगतो. सुक्या कागदाने काम होतं, पण धूळ उडते. शेफील्डमध्ये सुक्या सहाणेवर काम करणाऱ्या कारागिरांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाऊन बसायची. डॉक्टर त्याला घासणाऱ्यांचा दमा म्हणत आणि १८३० च्या सुमारास त्यावर लेख लिहीत होते. जेवणाचे काटे घासणाऱ्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती, त्यातल्या कितीतरी जणांनी चाळिशी पाहिली नाही. ओल्या सहाणेवर बसणारे त्यांच्यापेक्षा जास्त जगत. माझं काम त्यांच्या तुलनेत काहीच नाही, पण हा वस्तरा ज्यांच्या हातून गेला त्यांचं आयुष्य या धुळीने खाल्लं हे माहीत असताना मी सुकं घासत नाही.

पात्याच्या बाजू सपाट नसतात, आत वळलेल्या असतात. म्हणून कागद बोटाने दाबून चालत नाही. बोटाचा दाब मध्येच पडतो आणि पात्यावर लाटा उठतात. कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या आणि त्या कशाला तरी गुंडाळायच्या, ज्याची गोलाई पात्याच्या वळशाशी जुळेल. बाटलीचं बूच, खोडरबर, रबरी पाइपचा तुकडा, लाटण्याच्या टोकाचा तुकडा, हे सगळं माझ्या डब्यात आहे. रॉजर्सचा वळसा उथळ होता, त्याला जाड रबरी पाइप बरोबर बसला.

आणि मग २४०.

कागदाच्या नंबरांचा हिशेब नीट समजून घेतला तर कंटाळा कमी होत नाही, पण त्याचं कारण कळतं. मागे ‘पी’ छापलेलं असेल तर २४० च्या कागदावरचा दाणा सरासरी ५८ मायक्रॉनचा असतो, ४०० चा ३५, १००० चा १८, २००० चा १०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता गंजाचा एखादा बरा खड्डा एक दशांश मिलिमीटर खोल असू शकतो, म्हणजे १०० मायक्रॉन. खड्डा भरता येत नाही. तो नाहीसा करायचा तर आजूबाजूचं सगळं पोलाद त्याच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं. पात्याची एक बाजू साधारण ७५ मिलिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर रुंद धरली, तर एक दशांश मिलिमीटर उतरवायला एका बाजूचं जवळजवळ एक ग्रॅम पोलाद काढावं लागेल. एक ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण रॉकवेलच्या मापावर साठीच्या आसपास कठीण असलेलं पोलाद हाताने एक ग्रॅम उतरवून पाहा. पहिली संध्याकाळ जाते, दुसरी जाते, वाटीतलं पाणी काळं होतं, मनगट भरून येतं आणि भिंगातून पाहिलं तर खड्डे जिथल्या तिथे असतात, फक्त त्यांच्या कडा जरा मवाळ झालेल्या.

हा कठीणपणा उगाच आलेला नाही. शेफील्डच्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का दिसतो तो बेंजामिन हंट्समनच्या मुशीत वितळवलेल्या पोलादाचा. ही रीत त्याने १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये बसवली. आपल्याकडे दक्षिणेत मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं, युरोपीय त्याला ‘वूट्झ’ म्हणत. अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्याने आणि मायकेल फॅरेडे यांनी मिळून पोलादात चांदी, प्लॅटिनम असे धातू मिसळून पाहिले, त्यांचे लेख १८२० आणि १८२२ मध्ये आले. फॅरेडे त्यातल्या एका मिश्रधातूचे वस्तरे करून मित्रांना भेट देत असत. २४० चा कागद हातात असताना मला हे हटकून आठवतं. ज्या गुणापायी माणसं या पोलादावर इतकी वर्षं झटली तोच गुण आता माझ्या हाताला विरोध करत असतो.

कागद लवकर मरतो. नवी पट्टी पहिली काही मिनिटं खरखर आवाज करते, हाताला चावते. मग आवाज बदलतो, सरसर होतो, आणि त्यानंतर तुम्ही कितीही जोर लावा, पट्टी नुसती घसरते. दाणे मोडलेले असतात. इथे कंजुषी करण्यात अर्थ नाही. मेलेल्या पट्टीने अर्धा तास घासण्यापेक्षा नवी पट्टी पाच मिनिटांत जास्त काम करते. पट्टी कधी मरते हे माझ्या कानाला आता डोळ्यांच्या आधी कळतं. खरं तर हा सगळा टप्पा कानावरच चालतो. डोळ्यांना एका घासणीत काहीच फरक दिसत नाही.

मला वाटतं, या कामात लोक सोडून देतात ते इथे. खरं म्हणजे सोडून देत नाहीत, पुढचा नंबर घेतात. ४०० चा कागद लावला की पात्याला लगेच लकाकी येते आणि काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. पण २४० चे चरे आणि खड्ड्यांच्या कडा तशाच खाली असतात. ८०० ला गेल्यावर त्या चकचकीत पृष्ठभागात ठळक दिसायला लागतात आणि पुन्हा २४० वर यावं लागतं. ३५ मायक्रॉनच्या दाण्याने ५८ मायक्रॉनच्या दाण्याचं राहिलेलं काम करायचं म्हटलं तर वेळ कित्येक पटींनी वाढतो. जाड कागदावर घालवलेला एक तास पुढचे कितीतरी तास वाचवतो, हे मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांना पहिल्यांदा सांगितलं आहे.

काम खरोखर झालं की नाही हे पाहायचा एकच भरवशाचा उपाय आहे: दिशा बदलणं. २४० ने पाठीपासून धारेकडे घासलं असेल तर ४०० ने टोकापासून टाचेकडे घासायचं. म्हणजे आधीचे उभे चरे नव्या आडव्या चऱ्यांमध्ये वेगळे दिसतात. शेवटचा उभा चरा जाईपर्यंत ४०० सोडायचा नाही. ६०० ला पुन्हा उभं. पातं ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं, नुसतं समोरून पाहिलं तर सगळंच चांगलं दिसतं. धारेकडे घासताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे जाऊन उचलायचा, उलट आणायचा नाही, नाहीतर कागद धारेत अडकून फाटतो आणि बोट पुढे जातं.

पाठीला मी जवळजवळ हात लावत नाही, आणि याबद्दल माझा फार आग्रह आहे. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून धारेचा कोन ठरतो, साधारण १६ ते १७ अंश. म्हणजे कोन धरायचं साधन वस्तऱ्यातच घडवलेलं असतं. पाठ चमकावी म्हणून ती घासून बारीक केली, तर कोन बिघडतो. वेडीवाकडी घासली तर धार जागोजागी वेगळी लागते. पाठीवर थोडे काळे डाग राहिले तर राहू देत.

पावसाळ्यात हे काम आणखी चिकट होतं. पुण्याच्या जुलैच्या हवेत ओलं, नुकतं उघडं झालेलं पोलाद तासाभरात पिवळसर पडतं. उठायचं असेल, मग फोन घ्यायला का होईना, तर पातं पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवूनच उठायचं. रात्री तेल लावून कपड्यात गुंडाळून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी साबणाने तेल काढून पुन्हा तिथूनच सुरुवात.

या सगळ्या दिवसांत मी तो अर्धा घासलेला वस्तरा आमच्या पेठेतल्या एका जुन्या कारागिरांना दाखवायला नेला. लहानपणापासून केस त्यांच्याकडेच कापतो. त्यांचं दुकान आता मुलगा चालवतो, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरतो. एड्सची भीती पसरल्यानंतर दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही रीत पडली आणि पोलादी वस्तरे धोकटीतच राहिले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पातं उजेडात फिरवलं आणि अंगठा धारेवर आडवा ठेवला.

“अजून धार नाही लावली, काका,” मी म्हटलं.

“ते दिसतंय. हे कशाने घासतोयस?”

“वॉटर पेपरने. तुम्ही कशाने घासायचात?”

“आम्ही कुठे घासायचो! रोज चालणारा वस्तरा गंजेल कसा? दाढी झाली की पुसायचा, चामोट्यावर दहा-वीस हात, चामोटं नसलं तर तळहातावर. महिन्या-दोन महिन्यांनी निसण्यावर. गंज पडून राहिलेल्या वस्तऱ्यालाच धरतो.”

मी विचारलं की आरशासारखं पॉलिश करावं का. त्यांनी मान हलवली.

“आरसा केलास तर पाण्याचा प्रत्येक थेंब दिसेल आणि तू पुसतच बसशील. अंगाला जरा खर ठेव. धार तेवढी नीट लाव. गिऱ्हाईक गालाने ओळखतं, डोळ्याने नाही.”

टाचेजवळचा खड्डा दाखवल्यावर त्यांनी बराच वेळ पाहिलं. तो काढू नकोस म्हणाले. तेवढा खोल जायला गेलास तर तिथे पातं पाण्यासारखं पातळ होईल, मग निसण्यावर धार तिथूनच तुटेल. टाचेचा तेवढा भाग तसाही दाढीला कमीच लागतो. मी मनातून तोच विचार करत होतो, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर निर्णय पक्का झाला. तो खड्डा ठेवला. घासण्याच्या कामात कुठे थांबायचं हे ठरवणं मला घासण्याहून अवघड वाटतं, आणि त्यासाठी ज्याने आयुष्यभर वस्तरा धरला आहे त्याच्या डोळ्यांइतकं भरवशाचं माप माझ्याकडे दुसरं नाही.

खांदा आणि मान यांना वेगळा वेळ द्यावा लागतो. तिथे पाइप बसत नाही. कागदाची अरुंद पट्टी बांबूच्या चपट्या काडीला गुंडाळायची आणि कडेच्या बाजूने पुढे-मागे न्यायची, एका वेळी बोटाच्या पेराएवढं. शेपटीच्या खालच्या बाजूला बोट घसरू नये म्हणून पाडलेल्या बारीक खाचा असतात. त्यांच्यात साचलेला काळा गंज मी दोऱ्याने काढतो. जाड सुती दोरा, त्यावर पॉलिशची पेस्ट, आणि एकेक खाच. शिक्क्यावर कागद लावायचाच नाही. अक्षरांची खोली थोडीच असते, २४० चे दोन-चार हात चुकून फिरले तरी ‘नॉरफोक स्ट्रीट’ कायमचं जाईल. तिथे फक्त तेल, कापड आणि शेवटी किंचित ब्रासो. पात्यावर सोनेरी मुलाम्याची नक्षी असलेले वस्तरे मिळतात, त्यांच्या त्या बाजूला तर मी वॉटर पेपर मुळीच लावत नाही. तो मुलामा इतका पातळ असतो की ब्रासोनेही निघतो. तसा वस्तरा डागांसकट ठेवणं हेच बरोबर.

४०० च्या पुढे काम धावतं. ६०० ला पातं राखाडी, एकसारखं दिसायला लागतं. ८०० ला त्यात खिडकीची चौकट धूसर दिसते. १००० ला हात हलका करायचा, नुसत्या पट्टीच्या वजनाने घासायचं. इथपर्यंत येताना प्रत्येक नंबराला आधीच्या नंबरापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे २४० नीट झाला असेल तर. बरेच जण १५०० आणि २००० करून मग पॉलिशने आरसा आणतात. काकांचं ऐकून मी १००० ला थांबलो आणि शेवटचे हात सगळे एकाच दिशेने, टाचेपासून टोकाकडे घेतले. पात्यावर बारीक, समांतर रेषांची मंद चमक राहिली. माझं मतही आता तसंच झालं आहे. इतक्या जुन्या पोलादावर आरसा आणायचा तर खड्डे असलेला सगळा थर काढावा लागतो आणि त्याबरोबर कारागिराने दिलेला वळसाही जातो. चकाकीसाठी एवढी किंमत मोजू नये.

उरलेलं थोडक्यात. मुठीची पोखरलेली जागा आतून इपॉक्सीने भरली, शिंग ६०० ने घासून तेल पाजलं. १६ गेजची पितळी तार रिव्हेट म्हणून घातली, वर-खाली छोटे पितळी वायसर, आणि लहान हातोडीने अगदी हलके ठोके देत डोकं पसरवलं. पातं मुठीत मधोमध बंद व्हायला हवं, धार कुठल्याही बाजूला घासली जाता कामा नये. मग निसणे: १००० च्या दगडावर नवी धार, नंतर ४०००, ८००० आणि १२०००. इथे पाण्याखेरीज काही लागत नाही, आणि इतके दिवस घासून झाल्यावर हे काम फार आनंदाचं वाटतं, कारण प्रत्येक दगडानंतर फरक दिसतो. शेवटी चामोटं.

पहिल्या दाढीत डावा गाल सुरेख झाला. हनुवटीखाली ओढ बसली, केस कापण्याऐवजी खेचले जात होते. साबण पुसून वस्तरा पुन्हा १२००० च्या दगडावर घेतला, टोकाकडच्या अर्ध्या भागावर हलके हात दिले, चामोट्यावर फिरवला आणि हनुवटी पूर्ण केली. टाचेजवळचा खड्डा तिथेच आहे. दर वापरानंतर मी त्यात सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडतो, म्हणजे तिथे पाणी साचून राहत नाही.

आता फळीवर एक जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा आहे, पूर्ण पोकळ घासणीचा, पातं इतकं पातळ की नखाने दाबलं तर वाकलेलं दिसतं. याला २४० लावायची माझी हिंमत नाही. ६०० पासून सुरुवात केली आहे आणि तीन खड्डे ठेवायचे हे आधीच ठरवून टाकलं आहे.